ओट्याखालची अक्षरं

बोईसर,
११ नोव्हेंबर २०२४

आदरणीय बाई,
सा. नमस्कार.

बन्सीच्या टमटममधून पाठवलेल्या करंज्या पोचल्या. दोन वाटेत त्यानेच खाल्ल्या, तसं कबूलही केलं. मागचं पत्र तुम्ही ऱ्हस्व-दीर्घाच्या एकवीस चुका काढून परत पाठवलंत. या वेळी जास्त निघतील. 

नळाची कामं करताना लोकांच्या घरात काय काय सापडतं ते मी तुम्हाला लिहितो आणि तुम्ही हसता. सिंकच्या नळीत अडकलेली कवळी आजोबांची समजून दिली, तर ती आजींची निघाली, आणि सुनेला ते वीस वर्षांत ठाऊक नव्हतं, यावर तुम्ही दोन दिवस हसत होता म्हणे. आजच्यात हसण्यासारखं काही नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. घरी येऊन सांगायचं तर ओरडावं लागतं आणि सगळी आळी ऐकते. हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितो.

नवापूर रोडच्या आतल्या गल्लीत एक बैठं घर आहे. मालकांचं नाव नरहरी, कारखान्यातून निवृत्त झालेले. बायको समिधाकाकू. मुलाचं लग्न ठरलंय म्हणून स्वयंपाकघर नवं करायला काढलंय. ओट्याचा जुना कडप्पा जाऊन ग्रॅनाइट येणार. त्याआधी सिंकच्या नळ्या सोडवायला मला बोलावलं. ओट्याखाली कप्पे नाहीत, मोकळी जागा आणि पुढे पडदा. मी पाठीवर झोपून आत सरकलो, बॅटरी दातात धरली, पाना लावला आणि नजर वर गेली.

कडप्प्याच्या खालच्या अंगाला अक्षरं होती. खिळ्याने कोरलेली, काळ्या दगडावर पांढरी.

"माझे नाव जमुना झिपरू. गाव मासवन. इयत्ता पाचवी पास."

बाई, आपली जमुना. डोंगरपाड्याची. मी आठवीला होतो तेव्हा ती पाचवीला होती. शाळेच्या पायरीवर बसून मोठ्याने पाढे म्हणायची आणि आम्ही मोठी मुलं चिडायचो. त्या नावाखाली सातचा पाढा होता, सात सख बेचाळीसपर्यंत. मग "कडी भाएरून हाय." त्याच्या खाली "दिवाळीला बाय येनार." आणखी खाली, वेगळ्या खिळ्याने असावं, "होळीला बाय येनार."

माझा पाना छातीवर पडला. तिथे लिहायचं तर पाठीवर झोपूनच लिहावं लागतं. मी झोपलो होतो तसंच. म्हणजे पोर तिथे झोपत होती.

गावात सगळे म्हणतात, शिकायला म्हणून बाहेर ठेवली होती, तिथून रंगाऱ्याबरोबर पळाली. मी तेव्हा आयटीआयच्या वसतिगृहात, मला एवढंच कानावर आलं. तिचा बाप, झिपरूकाका, ते मनात घेऊनच दोन वर्षांपूर्वी गेला. "बाय येनार" म्हणजे वनशीकाकीची वाट बघत असणार ती. आईला बाय म्हणत असेल. काकीला सांगायला पाहिजे ना? तुम्ही सांगाल तसं करतो.

तुमचा विद्यार्थी,
प्रदीप


मासवण,
१५ नोव्हेंबर २०२४

चि. प्रदीप,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. कार्तिकातली थंडी पडायला लागली आहे, माझा डावा कान आता पुरता गेला, उजव्याचंही तेच.

तू फार मनाला लावून घेतोस. जमुना हे नाव काही एकटीचं नाही. जुन्या दगडावर असंख्य ओरखडे असतात, बॅटरीच्या उजेडात माणसाला हवं ते दिसतं. तुझा धंदा लोकांच्या विश्वासावर चालतो. लोकांच्या घरातलं त्यांच्या घरात सोडून यावं. काम संपव आणि तिथून नीघ.

वनशीला काही सांगू नकोस. आता कुठे तिचं भात झोडून झालं आहे, गुडघे धरलेत, एकटीच असते. तिची जुनी जखम उकरून तुला काय मिळणार? आणि मुख्य म्हणजे तुझी खात्री कुठे आहे?

सूनबाईला, स्नेहाला आशीर्वाद सांग.

तुझी,
बाई

ता. क. तो दगड कधी काढणार आहेत? काढल्यावर त्याचं काय करतात? फोडून टाकतात का?


बोईसर,
२० नोव्हेंबर २०२४

आदरणीय बाई,
सा. नमस्कार.

तुमच्या पत्रासोबत माझं पत्र परत आलं नाही. आजवर असं झालं नव्हतं. तुमची तब्येत बरी आहे ना?

माझी खात्री आहे. "मासवन" असं गावाचं नाव लिहिणारी, पाचवी पास झालेली, झिपरूची दुसरी जमुना कुठून आणायची?

माझं कामात लक्ष नाही. परवा एका बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावरचा व्हॉल्व बंद करायचा विसरलो, खालच्यांचा दिवाण भिजला. स्नेहा म्हणते, तू जेवताना वर बघत बसतोस.

सोमवारी मी समिधाकाकूंना सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकू, पूर्वी कुणी राहून कामाला होतं का इथे?"

"होती एक पोरगी. का?"

"ओट्याखाली कुणीतरी झोपायचं असं वाटलं."

त्यांचा हात डब्याच्या झाकणावर होता तो तिथेच राहिला. "पळून गेली ती," त्या म्हणाल्या. "असल्यांना कितीही जीव लावा." आणि नवऱ्याला हाक मारली.

नरहरीकाका आले. एवढा वजनदार माणूस, पण गुडघ्यावर बसून ओट्याखाली वाकला, माझीच बॅटरी घेतली आणि बराच वेळ बघत राहिला. उठला तेव्हा कोपराला धूळ होती. म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस. दुसरा माणूस सांगितलाय. आणि हा दगड आज निघाला पाहिजे. निघाला की लगेच घणाने फोडा."

लादीवाला रामा माझ्या ओळखीचा. आम्ही दोघांनी दगड सोडवला. घण मागच्या अंगणात होता. काका आत फोनवर बोलत होते तेवढ्यात मी रामाला म्हटलं, ओट्याचा दुसरा तुकडा फोड, हा अक्षरांचा टेम्पोत टाक. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता टाकला.

दगड आता माझ्या खोलीत आहे, भिंतीला टेकवून. अक्षरांची बाजू आतल्या अंगाला केली आहे, कारण स्नेहाला ती बघवत नाही. तिने एकदाच वाचलं आणि विचारलं, "मग ती बाय आली का?"

याचं उत्तर वनशीकाकीलाच ठाऊक. रविवारी गावी येतोय. तुमच्याकडे आधी येईन, मग डोंगरपाड्याला जाईन. आता तुम्ही नको म्हणालात तरी जाईन.

प्रदीप


मासवण,
२२ नोव्हेंबर २०२४

चि. प्रदीप,

बन्सीला दारात थांबवून हे लिहिते आहे. रविवारी वनशीकडे जाण्याआधी हे वाच.

जमुना आईला 'आया' म्हणायची. डोंगरपाड्यातली सगळीच मुलं म्हणतात, तुला कसं आठवलं नाही? 'बाय' ती मला म्हणायची. बाईतली दीर्घ ई तिच्या जिभेवर शेवटपर्यंत बसली नाही.

नरहरी माझा सख्खा धाकटा भाऊ.

दरवर्षी दिवाळीनंतर झिपरू आणि वनशी वीटभट्टीवर जायचे आणि पोरीला घेऊन जायचे. चार-चार महिने शाळा बुडायची, तरी पाचवीत ती पहिली आली. मला ते बघवेना. नरहरी म्हणाला, "पाठव आमच्याकडे, इथल्या शाळेत घालतो, समिधेला थोडा हातभार होईल." मी झिपरूच्या अंगणात बसून शब्द दिला. झिपरू तयार नव्हता. वनशी त्याला म्हणाली, "बाईंचा भाव हाय, मग काय?" त्यावर तो राजी झाला.

शाळा सोडल्याचा दाखला मी स्वतः काढून दिला. पुढे कुठल्याही शाळेकडून काही विचारणा आली नाही. माझ्यासारख्या शिक्षिकेच्या ते लक्षात यायला हवं होतं. नरहरी म्हणायचा, शिकतेय, छान आहे, आणि मला तेच ऐकायचं होतं. दीड वर्षाने त्याने सांगितलं की ती रंगाऱ्याबरोबर पळाली. डोंगरपाड्यावर जाऊन ते मी सांगितलं. पळाली हा शब्द त्या पाड्यावर पहिल्यांदा माझ्या तोंडून गेला.

कडीचं, ओट्याखाली झोपण्याचं मला काही माहीत नव्हतं. एवढ्यावर तरी विश्वास ठेव. वनशीला सांगण्याआधी मला थोडे दिवस दे.

मंदा


बोईसर,
९ डिसेंबर २०२४

मंदाबाई,

सतरा दिवस तुम्हाला लिहिलं नाही. त्या रविवारी मासवणच्या फाट्यापर्यंत आलो होतो. तिथे गाडीवर बसून राहिलो. वनशीकाकीकडे गेलो असतो तर सांगणार काय, पोरगी गेली कुठे ते मलाच ठाऊक नव्हतं. आणि तुमच्या घरी पाय वळेना. गाडी फिरवून परत आलो.

आता ठाऊक आहे. जमुना जिवंत आहे.

नरहरीकाकांच्या समोरच्या घरात टाकी बसवायचं काम मला मिळालं. गच्चीवरून मला रोज एक मासेवाली दिसायची. नवापूरची हिराबाय. गल्लीत प्रत्येक फाटकापाशी थांबून हाक मारते आणि नरहरीकाकांचं घर आलं की रस्ता ओलांडून पलीकडून जाते. तिसऱ्या दिवशी मी खाली उतरून विचारलं, "मावशी, त्या घरी मासे खात नाहीत का?"

"खातेत. मी देत नाय."

"का?"

"तुला काय कराचाय?"

"त्यांच्याकडे एक पोरगी होती. जमुना. आमच्या गावची."

तिने टोपली डोक्यावरून उतरवली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बापानं धाडला काय तुला?"

"बाप मेला तिचा."

मग ती बराच वेळ टोपलीवरचं ओलं फडकं सारखं करत राहिली. "उद्या नवापूरला ये," म्हणाली. "एकटा ये. आनि ती नाय बोलली, तर परत फिरायचं."

किनाऱ्यावर बांबूच्या ओळी बांधल्या होत्या आणि एक बाई बोंबील टांगत होती. लुगडं तिथल्या बायकांसारखं. मी नाव घेतलं नाही, नुसता उभा राहिलो. तीच म्हणाली, "परद्या ना तू? पाढे म्हनले की खडे मारायचा तो?"

मी खडे मारले होते हे मला आठवत नव्हतं.

हिराबायच्या पुतण्याशी तिचं लग्न झालंय, कुशल नाव त्याचं. चार वर्षांची मुलगी आहे, स्वरा. काम करता करताच ती बोलली, हात थांबवला नाही. शाळेत तिला एकदाही घातलं नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत काम, आणि घरातले बाहेर गेले की मागच्या दाराला बाहेरून कडी. झिपरूकाका एकदा भेटायला आला होता. फाटकातच त्याला सांगितलं, शाळेत गेलीय. ती आतून बापाचा खोकला ऐकत होती. हिराबाय मागच्या दाराने मासे द्यायला यायची. घरातले लग्नाला गेले होते त्या दिवशी तिने हाक मारली, आतून रडण्याचा आवाज आला. कडी बाहेरून होती, म्हणजे बाहेरच्या कुणालाही उघडता येत होती. हिराबायने ती उघडली. एवढंच करायचं होतं, बाई. इतक्या दिवसांत दुसऱ्या कुणी ते केलं नाही.

मी तिला म्हटलं, "मंदाबाईंना यातलं काही माहीत नव्हतं."

तिने टोपलीतला बोंबील उचलला नाही. पहिल्यांदा हात थांबला. "बाय आल्या होत्या," ती म्हणाली.

होळीनंतर तुम्ही आला होता. पुढच्या खोलीत बसलात, चहा घेतलात. तुम्ही विचारलंत, "जमुना कुठे आहे?" समिधाकाकू म्हणाल्या, "झोपलीय, अभ्यास करून दमली." भर दुपारची वेळ होती. ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती, बाहेर आलीस तर बघ असं तिला बजावलं होतं. मग तिने परात उचलली आणि मुद्दाम खाली टाकली. पितळी परात. तिला वाटलं, आता तुम्ही उठाल. तुम्ही म्हणालात, "येते मी, एसटी चुकेल."

तुम्ही मला लिहिलंत की तुम्हाला काही माहीत नव्हतं.

प्रदीप


मासवण,
१४ डिसेंबर २०२४

जमुना,

हे पत्र प्रदीप तुझ्या हाती देईल. पुढचं वाचायचं की नाही ते तू ठरव.

परात पडल्याचं मी ऐकलं. तेव्हा माझे कान शाबूत होते. परात पडून गोल गोल फिरते, तो आवाज थांबेपर्यंत आम्ही तिघंही बोललो नाही. समिधेने माझ्याकडे बघितलं नाही, नरहरीने चहाचा कप उचलला. तू झोपलेली नाहीस हे मला कळलं. आत येऊन बघावं असं मनात आलंही. पण उठले असते तर भावाला त्याच्याच घरात खोटं ठरवावं लागलं असतं. त्याच महिन्यात त्याने माझ्या मुलाला, चिरागला ओळखीने कामाला लावलं होतं. मी पर्स उचलली. एसटी काही चुकली नाही, उलट स्टँडवर अर्धा तास बसून होते. त्या अर्ध्या तासात परत येता आलं असतं.

प्रदीपला मी खोटं लिहिलं. इतकी वर्षं स्वतःलाही तेच सांगत आले.

सोबत दोन कागद आहेत. तुला मी कधी, कुणाच्या घरी, काय सांगून ठेवलं आणि त्या दुपारी मी काय ऐकलं, ते सगळं तारखांसह लिहून खाली सही केली आहे. नरहरीचं पूर्ण नाव त्यात आहे. त्यालाही कळवलं आहे की असं लिहून दिलंय. तेव्हापासून चिराग माझ्याशी बोलत नाही. पोलिसांत द्यायचं, वकिलाला दाखवायचं की चुलीत घालायचं, तुझी मर्जी. तू जिथे बोलावशील तिथे येऊन मी हेच सांगेन.

क्षमा माग असं मन म्हणतं, पण क्षमा मागितली की समोरच्यावर ती देण्याचं ओझं येतं. ते तुझ्यावर टाकत नाही. मी करण्यासारखं काही असेल तर सांग.

मंदा


नवापूर,
२ जानेवारी २०२५

बाय,

मी हे स्वता लिवते. परदीप लिवून देतो म्हनला, मी नको म्हनलं. बारा तेरा वरसांत एवडं लिवलं नाय, तीन दिवस लागले.

तुमचे कागद वाचले. पेटीत ठेवलेत. कुशल म्हनतो आताच चौकीवर जाऊ. मी म्हनते जाऊ, पन आदी माजी आया.

मी एकदा आली होती गावाला. हिराबायकडं येऊन सा महिने झाले तेवा. फाट्यावर उतरली, पाड्याच्या खाली विहिरीपर्यंत गेली. दोन बाया पानी भरत होत्या. एक म्हनली झिपरूनं पोरीच्या नावानं आंगोळ केली, आता ती त्याला मेली. मी झाडामागं होती. तितूनच उलटी फिरली. बा ला वाटलं मी पळाली. मला वाटलं त्यानं मला टाकली. आता तो नाय. त्याला कोन सांगनार?

तुमी इचारलं काय करू. तर आयाकडं जा. घरात बसून हळू बोलू नका. जिथं बसून तुमी सबूद दिला, जिथं तुमी पळाली म्हनून सांगितलं, त्या आंगनात उबं राऊन सांगा. पाडा ऐकू दे. जमुना कोनाबरुबर पळाली नाय असं सांगा. परातीचं पन सांगा.

परदीप म्हनला तुमाला ऐकू येत नाय. मला आनंद नाय झाला, पन वाईट पन नाय वाटलं. आया काय म्हनल ते तुमाला कळनार नाय, म्हनून तिच्या तोंडाकडं बगा आन बगाल तसं लिवा. ती ये म्हनली तर मी येन, सवराला घेऊन. नको म्हनली तर तसं लिवा. गोड करून लिवू नका. मी इथं बरी हाय, मला माजी मानसं हायत. पन रोज सकाळी मासवनची गाडी बोईसरला येते ते मला ठावं हाय, आन मी त्या बाजूला बगत नाय.

जमुना


डोंगरपाडा, मासवण,
१२ जानेवारी २०२५, दुपार

जमुना,

तुझ्या आयाच्या ओट्यावर बसून लिहिते आहे. कागद-पेन बन्सीकडून घेतलं. पत्र मिळून आठ दिवस झाले होते. तीनदा निघाले आणि तीनदा ओढ्यापासून परत गेले, तेही लिहायला हवं.

आज सकाळी आले. वनशी अंगणात सुपात वाल निवडत होती. तिने "बसा बाई" म्हणून हाताने खूण केली. मी बसले नाही. बन्सीला सांगितलं की आजूबाजूच्यांना बोलाव. पंधरा-वीस माणसं जमली. बाई काही वाटायला आल्या असं त्यांना वाटलं असणार.

मग मी सांगितलं. माझा आवाज किती मोठा होतो ते मला कळत नाही, पण खालच्या वावरातली माणसं वर बघायला लागली, म्हणजे पोचला असणार. जमुना कुणाबरोबर पळाली नाही, हे आधी सांगितलं. मग घर कुणाचं ते. मग कडीचं, ओट्याखाली झोपण्याचं, झिपरू फाटकात उभा होता तेव्हा तू आत होतीस ते, आणि पुढे विहिरीपर्यंत येऊन तू परत फिरलीस ते. मग परातीचं सांगितलं. काही वगळलं नाही. 

तू तिच्या तोंडाकडे बघायला सांगितलंस. बघत होते. पहिल्यांदा तिला कळलंच नाही, ती वाल निवडतच राहिली. मग बोटं थांबली. मग तिने काहीतरी विचारलं. मला कळेना. तिने पुन्हा विचारलं, सगळे माझ्याकडे बघायला लागले. बन्सीने हातावर लिहून दाखवलं: "जिती हाय?"

मी म्हटलं, "जिवंत आहे. नवापूरला आहे. तुला नात आहे वनशी, चार वर्षांची."

सूप तिच्या मांडीवरून खाली गेलं. ती उठली, माझ्यापाशी आली. ती मला मारणार असं वाटलं आणि मी तयार होते. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. मारला नाही. ठेवला आणि दाबून धरला. मी आणखी बोलत होते बहुतेक, मला कळत नव्हतं. मी गप्प होईपर्यंत तो हात निघाला नाही. मग तिने झिपरूचं नाव घेतलं, एवढं ओठांवरून दिसलं, आणि घराच्या भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. बाया तिच्याकडे धावल्या. तिने सगळ्यांना बाजूला केलं.

मी बन्सीला म्हटलं, विचार तिला, पोरीला ये म्हणून कळवू का? तिने जे उत्तर दिलं ते मी बन्सीकडून शब्दन् शब्द लिहून घेतलं. ते असं: "तिनं कशाला यायचं? एकदा आली न् परत गेली. मीच जाते."

हे सगळं एका तासात झालं. आता तिने लुगडं बदललं आहे, नव्या भाताचे तांदूळ फडक्यात बांधले आहेत, शेजारणीला कोंबड्या सांभाळायला सांगितल्या आहेत. गुडघ्यांचं नाव नाही. मी बरोबर येऊ का, विचारलं. तिने मान हलवली. गाडीत मी नको आहे तिला. ते बरोबर आहे. पत्र मात्र नेते म्हणाली.

गोड करून लिहू नका म्हणालीस, म्हणून हेही लिहिते. अंगणातली माणसं गेली, माझ्याशी कुणी बोललं नाही. एक म्हातारी माझ्या चपलांपाशी थुंकली. मी आता चालत घरी जाईन. चौकीवर जायचं ठरलं की प्रदीपकडून निरोप पाठव, मी येते.

वनशी टमटममध्ये पुढेच बसली आहे, बन्सीच्या शेजारी, गाठोडं मांडीवर घेऊन. बन्सी हसत तिला काही सांगतोय, मागे बसा म्हणत असेल. ती ऐकत नाही. पत्रासाठी तिने हात बाहेर काढला आहे आणि दुसऱ्या हाताने बन्सीच्या खांद्याला ढकलते आहे. तिच्या तोंडाकडे बघते आहे. हे मला नीट वाचता येतंय. ती म्हणते आहे, "चल."

मंदा